गळ्यावरची दोन बोटं

उजळकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. रेडिओवर रोज सकाळी ते 'उजळ बाजू' नावाचा कार्यक्रम करायचे. त्यावरून श्रोत्यांनी त्यांना हे नाव चिकटवलं आणि पुढे केंद्रातल्या शिपायापासून घरच्या जावयापर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. एक बायको मात्र त्यांना 'अहो' म्हणायची. तीही गेल्या हिवाळ्यापासून म्हणत नव्हती, कारण तिची वाचाच गेली होती.

रात्री धडधाकट झोपलेली बाई सकाळी उठली ती उजवा हात लुळा आणि तोंडातून शब्द नाही, अशी. हातात थोडी ताकद परत आली, काठी धरून घरातल्या घरात चालायलाही लागली. शब्द तेवढे आले नाहीत. तिला सगळं कळत होतं. कोण आलं, कोण गेलं, भाजी करपली, नळ टपकतोय, सगळं. फक्त सांगता येत नव्हतं. उभ्या जन्मात जिच्या तोंडात तीळ भिजला नाही, तिच्यावर ही वेळ यावी, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही खरं वाटत नव्हतं.

या घरात बोलण्याचं खातं पहिल्यापासून तिच्याकडेच होतं. काकांचा आवाज म्हणजे त्यांचं भांडवल, आणि भांडवल जपून वापरायचं असतं. थंड पाणी प्यायचं नाही, तळलेलं खायचं नाही, वाऱ्यात उभं राहायचं नाही, आणि घरी बोलायचं नाही. केंद्रावरून आले की चपला काढता काढता ते दोन बोटं गळ्यावर ठेवायचे. आवाज दमलाय, आता मला बोलायला लावू नका, असा त्याचा अर्थ. लग्न झालं तेव्हा नव्या नवरीला वाटायचं की यांचा घसा दुखतो. बिचारी कोमट पाण्याचा पेला घेऊन धावायची. दुखत वगैरे काही नाही, उद्यासाठी आवाज शिल्लक टाकायचा आहे, हे कळायला तिला थोडे दिवस लागले. मग तिनं दोघांच्या वाटचं बोलणं एकटीनं अंगावर घेतलं.

ती बोलायची आणि ते मान हलवायचे. डोक्यात दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाची वाक्यं घोळत असायची, पण 'हूं' मात्र बरोबर जागच्या जागी पडायचं. तेवढा सराव होता. एकदा तिनं परीक्षा घ्यायची म्हणून भाजी चिरता चिरता सांगितलं, की स्वयंपाकघराला आग लागली आहे. काका म्हणाले, "छान." हा किस्सा ती पाहुण्यांना रंगवून सांगायची. पाहुणे हसायचे, तीही हसायची, आणि काका तर सगळ्यांत जास्त हसायचे. त्यात हसण्यासारखं फार काही नव्हतं, हे त्यांच्या लक्षात यायला तिची बोलती बंद व्हावी लागली.

माणूस वाईट होता असं नव्हे. व्यसन नाही, तापटपणा नाही, कोणाचं वाकडं चिंतणं नाही. पण ज्या कामात हयात घालवली, त्या कामानं माणसाला घडवताना काही ठिकाणी वाकवलंही होतं, आणि ते वाकलेलं त्याला कधी दिसलं नव्हतं.

रेडिओत सगळं चालतं, शांतता चालत नाही. निवेदक अडखळला तर लोक माफ करतात, चुकीचं गाणं लागलं तर हसून सोडतात. पण काही क्षण काहीच ऐकू आलं नाही, तर यंत्र आपणहून भरीचं संगीत सुरू करतं. आणि ते संगीत सुरू होणं म्हणजे निवेदकाची नाचक्की. काकांच्या अख्ख्या नोकरीत ती वेळ एकदाही आली नव्हती. उलट त्यांचं नाव झालं तेच एका शांततेपायी. अगदी तरुण असताना एका मैफलीचं थेट प्रक्षेपण मधेच तुटलं. काचेपलीकडचा तंत्रज्ञ हात चोळत उभा राहिला आणि काकांनी माईक उघडला. सकाळी बसमध्ये त्यांना कोणाची तरी विसरलेली छत्री दिसली होती. ते त्या छत्रीबद्दल बोलायला लागले. छत्री कोण विसरतं, तर ज्याचा पाऊस थांबलाय तो. भिजणारा माणूस छत्री विसरत नाही. म्हणजे विसरलेली छत्री दिसली की समजावं, कोणाचं तरी आभाळ मोकळं झालंय. तार जोडली जाईपर्यंत ते छत्रीवरच बोलत राहिले. त्या दिवशी केंद्रातले फोन थांबेनात. साहेबांनी बोलावून घेतलं आणि 'उजळ बाजू' सुरू झाला. पुढे पिढ्यान्‌पिढ्यांना पुरलेली ती सगळी उमेद मुळात एका तुटलेल्या तारेची भर होती.

मग प्रसिद्धी आली. निवृत्तीनंतरही केंद्रानं त्यांना सोडलं नाही. लिफ्टमध्ये, बँकेत, दातांच्या दवाखान्यात लोक त्यांना ओळखायचे. चेहऱ्यानं नाही, आवाजानं. दाताला कापूस लावलेल्या माणसानंही एकदा हातानं खुणावून त्यांच्याकडून त्यांचं रोजचं शेवटचं वाक्य म्हणवून घेतलं होतं: 'उजळ बाजू शोधा, सापडतेच.'

बायको अतिदक्षता विभागात होती, तेव्हाही एका नर्सनं त्यांना ओळखलं. आई तुमची फार भक्त आहे, तिच्याशी फोनवर एक वाक्य बोलता का, असं तिनं संकोचत विचारलं. काका बोलले. त्या फिनेलच्या वासाच्या बोळात उभं राहून, पूर्ण आवाज लावून, हसत बोलले. मग बाकावर येऊन बसले.  एवढ्या सगळ्यातही आवाज जरासुद्धा हलला नव्हता. त्या आवाजाचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

दवाखान्यातून घरी सोडल्यावर बायकोला बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाईंकडे नेणं सुरू झालं. बाई शांत होत्या, जरा कडकही. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की शब्द गेलेले नाहीत, वाट मोडली आहे. त्या शोधतील. आपण विचारायचं आणि थांबायचं. कितीही वेळ लागला तरी थांबायचं. आपण शब्द आयता हातात दिला की त्या शोधणं सोडून देतात. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, हेही त्यांनी सांगितलं. उन्हाळा संपेपर्यंत बघू, नाहीतर मग चित्रांची पाटी देऊ. पाणी हवं तर पाण्यावर बोट, झोप आली तर पलंगावर बोट.

त्या पाटीचं नाव काढलं की काका विषय बदलायचे. ती बडबडी बाई उरलेला जन्म पेल्याच्या चित्रावर बोट ठेवत काढणार, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. तिनं पुन्हा बोलावं, एवढी एकच गोष्ट त्यांना आता हवी होती. त्यासाठी त्यांना फक्त थांबायचं होतं, आणि नेमकं तेच त्यांना येत नव्हतं.

बाईंनी कंगव्याचं चित्र धरलं. बायकोचे ओठ हलले, घशातून 'क' निघाला, आणि मागच्या खुर्चीतून स्वच्छ, भरदार आवाज आला, "कंगवा." बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. कपाच्या वेळी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या चित्राला बाईंनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे ते व्हरांड्यात बसून राहिले. तिथेही शेजारच्या एका गृहस्थांनी आवाज ओळखलाच.

घरी तर बाहेर काढायलाही कोणी नव्हतं. ते तिच्यासमोर बसायचे आणि विचारायचे, चहा घेतेस की दूध. ती डोळे मिटून शोधायला लागायची. एक क्षण जायचा, दुसरा जायचा, आणि काकांच्या तळहातांना घाम फुटायचा. आता ते भरीचं संगीत सुरू होईल, असं काहीतरी आत वाजायला लागायचं. मग ते म्हणायचे, चहाच ना, बरं, चहा. ती डोळे उघडायची आणि मान हलवायची. तिला दूध हवं असलं तरी हलवायची. त्यानंतर मग उमेदीचा धबधबा. उद्या नक्की बोलशील, परवा तर गप्पच बसणार नाहीस, अमक्याची आई तर वर्षानं बोलली. ज्या घरात त्यांनी इतकी वर्षं दोन बोटं गळ्यावर ठेवून काढली, त्याच घरात ते आता सकाळ-संध्याकाळ बोलत होते. ऐकणारी खुर्चीत बसलेली होती आणि तिला उठून जाणंही सोपं नव्हतं.

मुलगी शाळेत शिकवायची. घर दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे दुपारी शाळा सुटली की आईकडे यायची. ती मुळातच कमी बोलणारी. शू, बाबांचा आवाज, असं ऐकत मोठी झालेली मुलगी आणखी कशी असणार. ती आईशेजारी बसून मटार सोलायची, कपड्यांच्या घड्या घालायची आणि काही विचारायची नाही. अशाच एका दुपारी जेवताना आईनं पहिला घास घेतला, चेहरा वाकडा केला, बराच वेळ ताटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मीठ."

काका घरी आले तेव्हा मुलीनं हे त्यांना दारातच सांगितलं. ते चपला न काढता आत धावले. बायकोसमोर गुडघ्यांवर बसले. म्हण, पुन्हा म्हण, मीठ, अगदी मोकळ्या आवाजात, घाई करू नकोस, मी-ठ. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांनी आणखी दोनदा म्हणून दाखवलं, शब्दाच्या शेवटी आवाज कसा टेकवायचा तेही दाखवलं. तिनं मान भिंतीकडे वळवली.

स्वयंपाकघरात मुलगी ओटा पुसत होती. ती वळली नाही. "बाबा, तुम्ही आईला प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता," ती म्हणाली. "आईला श्रोता करून टाकलंय तुम्ही."

"मी घाबरतो गं," काका म्हणाले. "ती गप्प झाली की मला वाटतं, संपलं सगळं."

इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य असावं.  ती ओटा पुसत राहिली.

त्याच सुमारास केंद्राचा वाढदिवस आला. सगळ्यांत जुना निवेदक म्हणून काकांची थेट मुलाखत ठरली. घेणारी निवेदिका त्यांच्या मुलीपेक्षाही लहान, हुशार, त्यांना बघत बघतच कामाला लागलेली. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला. रेडिओवर सदरा दिसत नाही, तरी घातला. दारातून निघताना बायकोनं डाव्या हातानं त्यांची कॉलर सरळ केली. शब्द गेले होते, पण तिची ही सवय गेली नव्हती.

लाल दिवा लागला आणि काका खुलले. खोटं कशाला बोला, तिथे ते सुखी असायचे. निवेदिकेनं प्रसिद्धीबद्दल विचारलं. ते म्हणाले, अनोळखी माणसानं आपल्याला ओळखणं म्हणजे प्रसिद्धी. आणि पुढचं वाक्य त्यांच्या जिभेवर आलं, की ओळखीची माणसं तेवढ्या वेळात अनोळखी होत जातात. ते त्यांनी गिळलं आणि श्रोत्यांच्या प्रेमाकडे वळवून घेतलं. कामाबद्दल विचारलं. ते म्हणाले, शांततेत काहीतरी चांगलं ठेवून जाणं, एवढंच निवेदकाचं काम. छत्रीची गोष्ट झाली. सकारात्मक विचारांबद्दल विचारलं. माणूस पडतो तेव्हाही त्याला जमीन मिळालेली असतेच, असं ते म्हणाले. निवेदिकेनं ते वाक्य समोरच्या कागदावर टिपून घेतलं.

मग ती म्हणाली, "काका, काकूंच्या आजारपणाबद्दल तुम्हीच मागे कार्यक्रमात सांगितलं होतं. श्रोते सारखे विचारतात. कशा आहेत त्या?"

काकांनी तोंड उघडलं. त्यांना भिंतीकडे वळलेली मान दिसली. निवेदिका थांबली. काचेपलीकडे आवाज मोजणारा काटा खाली पडत गेला आणि तंत्रज्ञानं मान वर केली. उन्हाळा संपत आला होता. 'मीठ'नंतर दुसरा शब्द आला नव्हता, आणि पुढच्या भेटीत बाई पाटी देणार होत्या. हे सगळं सांगता आलं असतं. निदान 'मीठ' म्हणाली, एवढं तरी सांगता आलं असतं. पण मीठ. एवढ्या वर्षांच्या श्रोत्यांपुढे ठेवायचं काय, तर मीठ.

"बोलली ती," काका म्हणाले. आवाज जिथे भरून यायला हवा, तिथे बरोबर भरून आला. "परवाच बोलली. आणि पहिला शब्द काय उच्चारला, सांगू? अहो."

निवेदिकेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तंत्रज्ञानं कानावरचे हेडफोन काढून चष्मा पुसला. बाहेर आल्यावर केंद्रातल्या सगळ्यांनी त्यांचे हात हातात घेतले आणि साहेबांनी मिठी मारली. सगळ्यांच्या आनंदात काकाही इतके रंगून गेले, की जिन्यापर्यंत त्यांना ते खरंच वाटत होतं. अर्ध्या जिन्यावर त्यांचे पाय थांबले. घरी रेडिओ चालू असणार. सणसणीत ताप असतानासुद्धा तिनं त्यांचा कार्यक्रम कधी चुकवला नव्हता.

मुलीनं आज सुट्टी घेतली होती. ते पोचले तेव्हा ती दारात सँडलचा पट्टा लावत होती. तिनं वर बघितलं नाही. "आईनं स्वतः उठून रेडिओ बंद केला," ती म्हणाली. "काठीसुद्धा घेतली नाही." आणि ती निघून गेली.

बायको खिडकीजवळच्या खुर्चीत होती. काकांनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. येताना रस्ताभर त्यांनी एक भाषण जुळवलं होतं. आशा माणसाला पुढे नेते, बोलून दाखवलेली गोष्ट खरी होते, वगैरे. त्यातलं एक अक्षरही त्यांच्याच्यानं बोलवेना.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले. "तू मीठ म्हणाली होतीस. मला ते कमी वाटलं."

ती त्यांच्याकडे बघत होती.

"आता मी काही बोलत नाही. तू बोल. मी थांबतो."

आणि ते थांबले. खरंच थांबले. आत फ्रिज घरघरत होता. खाली कोणीतरी सतरंजी झटकत होतं. नळ टपकत होता. तो महिनोन्‌महिने टपकतोय, हेही त्यांना आत्ताच कळलं. तिनं डोळे मिटले. काकांनी स्टुलाच्या कडा घट्ट धरल्या.  आत ते संगीत वाजायला लागलं, तरी ते हलले नाहीत. या घरातली कुठली वस्तू तिला कधी शोधावी लागली नव्हती. सुईदोरा, पावत्या, औषधं, त्यांचा हरवलेला चष्मा, ती बसल्या जागेवरून सांगायची. तीच बाई आता एका शब्दासाठी आत कुठल्या कुठे चाचपडत होती, आणि ते समोर बसून पहिल्यांदाच ते नीट बघत होते. काकांना रडू फुटेल असं वाटलं. तेही त्यांनी दाबलं, कारण रडणंही आवाजच.

तिचे ओठ उघडले. मानेची शीर ताठ झाली.

"अ," ती म्हणाली.

काकांनी श्वास रोखला. तिनं मान किंचित हलवली, पुन्हा जोर केला. "अ…" शब्द येत होता. अगदी दाताशी आला होता. आणखी थोडं थांबायचं होतं, तेवढंच.

"अहो," काका म्हणाले. "अहो ना? अहो म्हणायचंय ना तुला?"

तिचे ओठ तसेच उघडे राहिले. मग हळूच मिटले. तिनं मान हलवली, नाही अशी. ती रागावलेली दिसत नव्हती. रागावली असती तर काकांना बरं वाटलं असतं. तिनं खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं, आणि डावा हात उचलून दोन बोटं गळ्यावर ठेवली.

ही खूण या घरात काकांनीच आणली होती. तिचा अर्थ त्यांना कोणी सांगायला नको होता. पण ती समोरून बघताना कसं वाटतं, ते त्यांना आजवर माहीत नव्हतं. ते स्टुलावर बसून राहिले. 'अ'पासून कोणता शब्द होता, हे विचारण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

तेवढ्यात फोन वाजला. अभिनंदनाचा असणार. तो कितीतरी वेळ वाजत राहिला आणि काकांनी तो उचलला नाही.